फ्लोरियनचा रणगाडा

फ्लोरियनच्या ट्रॅक्टरला गावात सगळे रणगाडा म्हणायचे. चिडवायलाच म्हणायचे, पण फ्लोरियनला त्याचा असा काही अभिमान वाटायचा की चिडवणाऱ्यांचाच हिरमोड व्हायचा. रोग नावाच्या डोंगरावरच्या जंगलातून बीचच्या झाडांचे ओंडके ओढून आणायला आमच्याकडे घराघरातला ट्रॅक्टर जातो. पण बिचारा बनलेला असतो शेतासाठी. जंगलात शिरला की बुंधे त्याच्या पोटात घुसतात, फांद्या नळ्या उपटतात, दगड दिवे फोडतात. बाकीचे लोक संध्याकाळी हळहळत दुरुस्ती करत बसायचे. फ्लोरियनने मात्र ठरवलं, आपल्या ट्रॅक्टरला ओरखडासुद्धा उठू द्यायचा नाही.

त्याने पोटाखाली खाणीतल्या मोडीत निघालेल्या डंपरचा जाड पत्रा ठोकला. रेडिएटरपुढे गोठ्यातली लोखंडी जाळी आली, दिव्यांना पिंजरे आले. चाकात हवा भरायची नळी झुडपात अडकून तुटते, म्हणून तिच्याभोवती पाइपाचा तुकडा वेल्डिंग करून बसवला. तेलाच्या रबरी नळ्यांवर गावच्या अग्निशमन दलाने टाकून दिलेला बंबाचा पाइप चढवला. आणि एवढं सगळं करून पोटाखालच्या पत्र्याला तेल काढायचं भोक ठेवायला विसरला! तेल बदलायची वेळ आली तेव्हा दिवसभर पाठीवर झोपून पत्रा कापत होता. शेजारचा त्सिरिल कुंपणावर रेलून मजा बघत होता.

"अरे, जनावराला चिलखत घातलंस ते ठीक," तो म्हणाला, "पण मुतायला तरी जागा ठेवायचीस!"

अशा या रणगाड्यात एकच वस्तू उघडी होती, ती म्हणजे वर बसणारा फ्लोरियन.

तसं म्हणायला त्याच्या डोक्यामागे संरक्षणाची लोखंडी कमान होती. ट्रॅक्टर उलटला तर ती जमिनीला टेकते आणि माणूस चेंगरत नाही. पण अडचण होती वैरणीच्या मांडवाची. आमच्याकडचे हे मांडव लाकडी, वर कौलं, माळ्यावर गवत आणि खाली गाडी ठेवायची जागा. फ्लोरियनच्या आजोबांनी त्याची आडवी तुळई घोडागाडीच्या मापाने बसवली होती, आणि आजोबा स्वतःही बुटकेच होते. कमान उभी असली की ट्रॅक्टर तुळईखालून जात नसे. रणगाडा पावसात उभा करणं तर फ्लोरियनला जिवावर यायचं. मग त्याने एकदा 'तात्पुरती' म्हणून कमान मागे पाडली, आणि ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली. तिचे बोल्ट गंजले. पुढे पुढे तिचा उपयोग कोट आणि डब्याची पिशवी अडकवायला होऊ लागला.

बायको येरित्सा मात्र ती कमान रोज बघायची. तिचा थोरला भाऊ असाच उतारावर उलटलेल्या ट्रॅक्टरखाली गेला होता. नवरा जंगलात गेला की परतलेल्या इंजिनाचा आवाज कानावर पडेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

"म्हाताऱ्या, ती कमान उभी कर."

"करतो की."

"कधी?"

"घाई काय आहे? ट्रॅक्टर काय पळून चाललाय?"

"पळत नाही तो. उलटतो."

हे संभाषण इतक्या वेळा झालं होतं की त्यांच्या कोंबड्यांनाही पाठ झालं असावं.

ईस्टरनंतर आमच्याकडे चर्चसमोर ट्रॅक्टरांना आशीर्वाद देतात. त्या वर्षी फ्लोरियनने रणगाडा घासूनपुसून, जाळीत हिरव्या डहाळ्या खोचून सगळ्यांच्या पुढे लावला. पाद्रीबाबा आले, चाकांकडे बघितलं, पत्र्यावर बोटाने टकटक केली. येरित्सा आदल्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन आली होती, याचा फ्लोरियनला पत्ता नव्हता.

"या ट्रॅक्टरला देवाची काही गरज दिसत नाही," पाद्रीबाबा म्हणाले, "गरज आहे ती तुला." आणि त्यांनी भांड्यातलं उरलंसुरलं पवित्र पाणी फ्लोरियनच्या डोक्यावर रिकामं केलं.

गाव खो खो हसलं. सॉसेज आणि त्स्विचेक ही आमच्याकडची आंबटसर वाइन संपेपर्यंत लोक दुसरं काही बोलले नाहीत. फ्लोरियनने रुमालाने डोकं पुसलं, घरी आला, कमान होती तशीच ठेवून ट्रॅक्टर तुळईखाली घातला. हट्टी माणूस! पाण्याने काय भिजणार?

मग येरित्साने वेगळाच मार्ग काढला. पुढच्या सोमवारी तो इंजिन सुरू करतो तोच ती डोक्याला रुमाल बांधून बाहेर आली आणि चाकावरच्या मडगार्डवर चढून बसली.

"हे काय?"

"येते तुझ्याबरोबर."

"जंगलात? वेडी झालीस का? उतर खाली!"

"का? धोका आहे का काही?"

फ्लोरियन पेचात पडला. धोका आहे म्हणावं तर हरलो, नाही म्हणावं तर ही बसली. शेवटी त्याने गिअर टाकला.

जंगलातल्या उतारावरून तो आयुष्यभर शीळ घालत गेला होता. आज त्याला तिथे नसलेले बुंधे दिसायला लागले. वाट डावीकडे किती झुकते हे त्याला आजच कळलं. एका हाताने त्याने स्टिअरिंग धरलं, दुसऱ्याने बायकोचा स्कर्ट मुठीत धरला. मडगार्डवरून घसरली तर काय, या विचाराने त्याच्या कानशिलावरून घाम ओघळायला लागला.

"आज बैल जुंपलेत का रे?" येरित्साने विचारलं. "चालत गेले असते तर एव्हाना पोचले असते."

"गप बस आणि घट्ट धर!"

वळणावर एक चाक दगडावर चढलं, ट्रॅक्टर जेमतेम वीतभर कलला, आणि फ्लोरियनने इंजिन बंद केलं. त्याला भीती वाटली होती. हीच भीती बायको रोज घरी बसून गिळते, हे त्याच्या डोक्यात पहिल्यांदा शिरलं. तो उतरला. कोट काढला, पिशवी काढली, गंजलेल्या बोल्टांवर तेल ओतलं आणि हातोडा घेऊन तुटून पडला. बराच वेळ शिव्या आणि ठोके ऐकू येत राहिले. शेवटी कमान उभी राहिली. त्याने बोल्ट घट्ट आवळले.

येरित्सा मडगार्डवरून उतरली. तिने कमानीला हात लावून बघितला. "झालं," ती म्हणाली. "आता तुझं काम कर. मी पायवाटेने घरी जाते, अंडी गोळा करायची आहेत."

दुपारी फ्लोरियन दोन मोठे ओंडके ओढून परत आला. ते अंगणात सोडले. स्वारी खुशीत होती. आज घरी बोलणी बसणार नव्हती. त्याच खुशीत शीळ घालत, नेहमीच्या सवयीने, नेहमीच्याच वेगाने त्याने ट्रॅक्टर मांडवात घातला.

कमान तुळईवर आदळली. ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली गेली आणि आजोबांची ती किडकी तुळई मधोमध मोडली. मग माळा, माळ्यावरचं गवत आणि वरची कौलं असा सगळा पसारा धडाधड खाली आला.

त्या वेळी येरित्सा कुंपणापाशी त्सिरिलशी बोलत उभी होती. अंडी अजून गोळा व्हायचीच होती. आवाज ऐकून दोघं धावली. अर्धा मांडव खाली बसला होता आणि धुरळ्यातून फ्लोरियनचा आवाज येत होता. तुळईचा तुकडा कमानीवर तोलून राहिला होता आणि कमानीखाली फ्लोरियन धडधाकट होता. पण तो बाहेर येत नव्हता. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी मांडवाच्या आतल्या बाजूचं गवत उपसत होता. कोंबड्या अंडी घालतात ती जागा तिथेच होती.

"येरित्सा! येरित्सा, बोल गं! येरित्सा!"

येरित्सा कौलांच्या ढिगापाशी येऊन थांबली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने अशा जिवाच्या आकांताने तिचं नाव घेतलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

"इकडे आहे मी, म्हाताऱ्या," ती शेवटी म्हणाली. "तुझ्या मागे."

फ्लोरियन वळला. तोंडावर धूळ, केसांत गवत. अडखळत कौलांच्या ढिगावरून आला, तिला घट्ट धरलं आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

त्सिरिल एव्हाना वाकून मांडवात शिरला होता. त्याने दिव्यांचे पिंजरे पाहिले, जाळी पाहिली, पोटाखालचा पत्रासुद्धा पाहिला.

"फ्लोरियन!" तो आतून ओरडला. "रणगाड्याला ओरखडासुद्धा नाही रे!"

फ्लोरियनने वळूनही पाहिलं नाही.