अंधारात म्हटलेली कविता

आमच्या कवितेच्या बैठकीत टाळ्या वाजवायच्या नाहीत. यामागे काही थोर विचार वगैरे नाही. श्रीगोंद्यातल्या ज्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चारला जमतो, त्याच्या पुढच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासाला बसतात. अगदी सुरुवातीला एकदा टाळ्या वाजल्या, तेव्हा त्यांच्यातला एक जण दार उघडून म्हणाला, "काका, पुढच्या महिन्यात पेपर आहे." तेव्हापासून दाद म्हणजे फक्त "वा", तीही हळू आवाजात.

त्यामुळे आमच्याकडे "वा"ला भाव आला. सगळ्यांच्याच नाही. बैठक भरवणारे आमचे कवी एसटीत कंडक्टर आहेत, ते प्रत्येक कडव्याला "वा" म्हणतात, गाडीत घंटी मारावी तशी, न बघता. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई आहेत, त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. त्या स्वतःच्या पुढच्या कवितेत इतक्या गुंतलेल्या असतात, की दुसऱ्याची संपली हे त्यांना सांगावं लागतं. आणखी चार-पाच जण येतात, आपली वाचून झाली की कुणाचं दुकान असतं, कुणाच्या म्हशी असतात. राहिले आबा.

आबा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. कविता करत नाहीत. नऊ वर्षांपूर्वी कंडक्टर त्यांना पहिल्यांदा घेऊन आले आणि म्हणाले, "आबा, तुमचीही एखादी होऊन जाऊ द्या." तर आबा म्हणाले, "न्हाई. मी ऐकाय येतो." वाचणाऱ्याच्या बरोबर समोरची खुर्ची त्यांची ठरून गेली. दोन्ही हात काठीवर, नजर वाचणाऱ्यावर. अख्ख्या बैठकीत जेमतेम दोनदा "वा" म्हणायचे, पण म्हणायचे तिथे ते चुकायचे नाहीत.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. सव्वीस वर्षं पेपर तपासल्यामुळे असेल, मला मार्क दिल्याशिवाय आणि घेतल्याशिवाय करमत नाही. आबा माझ्या ज्या कवितेला "वा" म्हणतील, तिच्यावर घरी जाऊन लाल पेनाने बरोबरची खूण करायची आणि पुस्तक काढलंच तर फक्त खुणेच्या कविता घ्यायच्या, असं मी ठरवलं होतं. कंडक्टरना हे कळलं तेव्हा म्हणाले, "मग माझ्या वा सगळ्या वाया गेल्या का, बाई?" मी म्हटलं, हो. ते हसले. मी थट्टा करत नव्हते.

वहीत एक कविता मात्र अशी होती, जी मी कुणापुढे कधी वाचली नव्हती. चौदा वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीला मी गणितात तेहतीस मार्क दिले. पास व्हायला पस्तीस लागतात. नववीची परीक्षा शाळेचीच असते, दोन मार्क वाढवायला लाल पेनाशिवाय काही लागत नाही, आणि आम्ही ते करतोही. पण ती मुलगी त्या वर्षी फार दांड्या मारत होती आणि मी चिडलेली होते. म्हटलं, राहू दे एक वर्ष, अक्कल येईल. तिच्या वडिलांनी एक वर्ष वाट पाहिली नाही. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा तिचं लग्न होऊन गेलेलं होतं, कर्जतकडच्या एका गावात. दांड्या आईच्या आजारपणामुळे होत्या, हेही मला तेव्हाच कळलं. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, ती इतर विषयांतही काठावरच होती. ते मला पटलं नाही, पण पटल्यासारखं मी केलं.

त्यावर मी वीस ओळी लिहिल्या होत्या. त्या चांगल्या की वाईट, हा प्रश्नच नव्हता. असं करून बसलेल्या बाईने वर त्यावर कविता करावी का, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं होतं. कुणीतरी म्हणजे आबांनी. नवऱ्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, झोप आता.

गेल्या हिवाळ्यात एका बैठकीला उशीर झाला आणि साडेसहाच्या सुमारास वीज गेली. पुढच्या खोलीतून मुलांचा एकच वैतागलेला आवाज आला. पाळी माझी होती. कंडक्टरनी मोबाईलचा टॉर्च लावला. मी म्हटलं, "बंद करा, भाऊ. मला पाठ आहे." उजेडात मला ती म्हणता आली नसती. अंधारात कुणाचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून वीसच्या वीस ओळी म्हटल्या. संपली तेव्हा कंडक्टरसुद्धा गप्प होते. सिस्टरनी माझा हात धरला तो सोडेचनात. समोरून काही आलं नाही. मी थांबून राहिले. मग वीज आली. आबा काठीवर हात ठेवून शांत बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "आली लाईट. हां, वाचा बाई."

मी वही पिशवीत कोंबली आणि घरी आले. घरी येऊन त्या कवितेवर लाल फुली मारली, पानाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मला वाटलं, आबांनी काही ऐकलंच नाही असं मुद्दाम दाखवलं, म्हणजे यापेक्षा वाईट शेरा असू शकत नाही. मला राग आला असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मला लाज वाटत होती. पुढच्या दोन्ही बैठकींना मी गेले नाही. कंडक्टरचे फोन घेतले नाहीत. गेले नाही म्हणून कुणाचं अडलंही नसेल, असं मनाशी म्हणत राहिले आणि कुणाचं अडतंय का याची वाट बघत राहिले.

फेब्रुवारीच्या शेवटी सिस्टर मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. इकडतिकडचं काही न बोलता म्हणाल्या, "बाई, आबांना ऐकू येत नाही."

मी विचारलं, "कधीपासून?"

"आपल्याकडे यायच्या आधीपासून. तीस वर्षं कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये, ऊस गाळायच्या यंत्रांपाशी काढली त्यांनी, त्या आवाजात. कानाचं मशीन आहे, पण त्यात नुसती घरघर होते म्हणून कपाटात ठेवलंय. समोरच्याचे ओठ बघून थोडंफार कळतं."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"दुसऱ्याच वर्षी ओळखलं मी. म्हणाले, सिस्टर, सांगू नका कुनाला, मला उठवत्याल."

सिस्टर इतकी वर्षं एखादी गोष्ट पोटात ठेवू शकतात, यावर माझा विश्वास बसेना. आबांबद्दल मात्र मला तितकंसं नवल वाटलं नाही. कवींमध्ये बहिरेपण लपवायला फार कष्ट पडत नाहीत. आम्ही बोलतो तेव्हा उत्तराची वाट कुणी बघतच नाही. पण माझ्या वहीत त्रेसष्ट लाल खुणा होत्या, आणि त्या सगळ्या एका ठार बहिऱ्या माणसाच्या भरवशावर केलेल्या होत्या. वर्गाची घंटा झाली. त्या दिवशी सातवा तास माझा होता, तो मी कसा घेतला ते मला आठवत नाही.

रविवारी मी आबांच्या घरी गेले. ते काष्टीच्या रस्त्याला राहतात. अंगणात उन्हाला बसून हरभरा सोलत होते. मी त्यांच्या समोर बसले आणि तोंड उघडून एकेक शब्द सावकाश म्हणाले, "आबा, नऊ वर्षं तुम्ही मला फसवलंत."

त्यांना कळलं. म्हणाले, "व्हय."

"ऐकू येत नव्हतं, तर वा कशावर म्हणत होता?"

"कागदावर." त्यांनी सोललेले दाणे ताटलीत टाकले. "तुमी कागद दोनी हातानी धरता, न्हवं का? काय काय वाचताना तो गप ऱ्हातो. काय काय वाचताना हालतो. हालला का मी वा म्हनतो. कंडक्टरचा कदीच हालत न्हाई, गाडीत हालून हालून सवय झाली आसंल त्याला. सिस्टरचा लई हालतो, पन त्यांचं वय झालंय, त्यो धरायचा न्हाई."

मला हसू आलं, तेही त्यांना दिसलं. मग मी विचारलं, ऐकू येत नाही तर येता कशाला. ते म्हणाले, "कारखान्यात समदी वरडूनच बोलायची. हितं येक बोलतो आन बाकीची गप बसत्यात. ते बघाय बरं वाटतं."

मी त्यांना अंधारातल्या कवितेचं सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलं लाईट गेली म्हनून समदीच गप हायेत. परत वाचा की."

"नाही."

"मंग मला कशाला सांगाय आला?"

घरी येऊन मी वही काढली आणि खुणा पुन्हा तपासल्या. जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या माझ्या कवितेवर खूण नव्हती. तिच्याबद्दल मला स्वतःलाच कधी खात्री वाटली नव्हती. वडिलांवरच्या साध्या आठ ओळींवर होती. त्रेसष्टांतल्या फार तर तीन-चार चुकल्या असतील. सव्वीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईला हे कबूल करणं जड गेलं, पण आबांची तपासणी माझ्यापेक्षा चोख होती.

मार्चच्या बैठकीत मी ती कविता वाचली. फुली मारलेलं पान नको म्हणून एका स्वच्छ कागदावर उतरवून नेली होती. सूर्य अजून वर होता, खिडक्या उघड्या होत्या. कागद इतका हलत होता, की पाठ असलेल्या ओळीसुद्धा मला सापडेनात. कशीबशी शेवटाला पोचले आणि आबांकडे बघितलं. ते "वा" म्हणाले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. जाड भिंगाचा चष्मा लावून, प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत त्यांनी ती वाचली. त्याला पाच-सात मिनिटं लागली असतील. पुढच्या खोलीत मुलं पानं उलटत होती, ते ऐकू येत होतं.

मग त्यांनी विचारलं, "ही पोरगी कुठं आसती आता?"

"कर्जतच्या अलीकडे."

"गेल्ता कदी?"

मी नाही अशी मान हलवली. त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. दाद नाही, बोल लावणं नाही. कंडक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझी एक तारखेपासून कर्जतचीच ड्युटी आहे. सकाळी सव्वासातची गाडी." मग पुढच्याने आपली कविता काढली.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी कंडक्टरना फोन करून, गाडी वेळेवर सुटते ना, एवढंच विचारलं. स्टँडवर गेले तर सिस्टर खिडकीशी पाण्याची बाटली घेऊन बसलेल्या आणि त्यांच्या पुढच्या सीटवर आबा, काठी उभी धरून. मी म्हटलं, "तुम्ही कुठं?" सिस्टर म्हणाल्या, "कर्जतला काम आहे." आबांना कुठलं काम, ते त्यांनीही सांगितलं नाही. कंडक्टरनी आम्हा दोघींना अर्धं तिकीट दिलं, आबांना फुकटातलं, आणि घंटी मारली. त्या तासाभरात मी मनातल्या मनात एकच वाक्य पाठ करत होते. चौदा वर्षं मी या रस्त्याने लग्नांना गेले, निवडणुकीच्या कामाला गेले, पण तिच्या गावाच्या फाट्यावर उतरले नव्हते.

फाट्यावर माझ्यामागोमाग ते दोघंही उतरले. घर सापडायला वेळ लागला नाही. ती दारातच होती, धुणं वाळत घालत. मला बघून तिने ओले हात पुसले. "बाई?" मग पदर सावरून म्हणाली, "बसा." सिस्टर आणि आबा ओट्यावर टेकले. ती चहा ठेवून बाहेर आली तेव्हा मी वाक्याला सुरुवात केली, "त्या वर्षी मी तुला..."

ती म्हणाली, "दोन मार्क. ध्यानात हाय माझ्या."

असू द्या, असं ती म्हणाली नाही. म्हणावं अशी माझी अपेक्षा होती, हे मला तिथं बसल्यावर कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. मग आत वळून तिने मुलीला हाक मारली. पाचवीतली मुलगी वही घेऊन बाहेर आली.

"हिला अपूर्णांक येत न्हाईत, बाई. मला शिकवता येत न्हाई. आता आलाच हाये तर बघा."

मी मुलीला जवळ बसवलं. पिशवीत खडू नव्हता, दुसरा कागद नव्हता, कवितेचा तेवढा होता. त्याची मागची बाजू कोरी होती. ती वर करून मी म्हटलं, "हा एक. आता याचे सारखे दोन भाग करू." मी घडी घातली. कागद हलत होता, घडी तिरकी पडली. मुलगी म्हणाली, "कडा जुळल्या न्हाईत. मला द्या." तिने कागद घेतला, मांडीवर ठेवला आणि कडेला कड लावून नखाने घडी पक्की केली. दोनाचे चार केले, चाराचे आठ. उघडून एकेक घर मोजलं आणि स्वतःच म्हणाली, "म्हंजी ह्यातली दोन घेतली की पाव." तिची आई चहाचे कप हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती.

ओट्यावरून आबा म्हणाले, "वा."

रात्री घरी आल्यावर मी सवयीने वही आणि लाल पेन काढलं. पण खूण करायला ती कविता नव्हती. फुली मारलेलं पान मी मार्चमध्येच फाडून टाकलं होतं, आणि कागद त्या मुलीच्या वहीत राहिला होता, अपूर्णांकांच्या पानात, लिहिलेली बाजू वर.