बरणीवरची लाल रेघ

दिंडोशीत आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे. तो चालवणाऱ्या माणसाला सगळे नुसतं मामा म्हणतात. रोज सकाळी ते टाकीतलं मातकट पाणी काचेच्या बरणीत भरतात आणि गाळ खाली बसेपर्यंत स्टुलावर, एक डोळा मिटून, बरणीकडे बघत राहतात. बरणीवर त्यांनी नेलपॉलिशने लाल रेघ मारलीय. गाळ तिच्या वर राहिला, तर प्लांटला लोड झेपत नाही.

गेल्या वर्षी गाळ रेघेला टेकला आणि त्याच आठवड्यात बिल्डरचा कागद आला: तिसरी विंगही याच प्लांटला जोडायची, क्षमता पुरेशी आहे. सेक्रेटरी मी, सही माझी.

"मामा, झेपेल ना?"

"कागदात झेपतंय ना, मॅडम?"

मी सही केली.

आता तिसरी विंग भरलीय. काल बरणी पाहिली, तर गाळ रेघेच्या खाली. हायसं वाटलं. मग गाळाच्याही चार बोटं खाली जुन्या रेघेचा पुसट डाग दिसला.

"रेघ वर कोणी नेली, मामा?"

"मीच. तुमची सही झाली ना, मग झेपायलाच पाहिजे."

हा टोमणा होता की त्यांना खरंच तसं वाटतं, मला कळेना. त्यांनी डोळा मिटला आणि ते परत बरणीकडे बघत बसले.