शैलाताईंचा तिसरा मजला

शैलाताई भांडताना सायकलवरून उतरायच्या नाहीत. एक पाय जमिनीवर, एक पेडलवर, आणि प्रत्येक वाक्याला घंटी. हॉलंडमधल्या न्यूनेन गावात आम्ही शेजारी. पहिल्याच आठवड्यात मी कचऱ्याचा डबा भलत्याच दिवशी बाहेर काढला, तर म्हणाल्या, "अहो, वाचता येत नाही का?" मी म्हटलं, "येतं, पण हळू." बायको इथं चिपांच्या कंपनीत इंजिनिअर, मी तिच्या व्हिसाला लटकून आलेला सातवी नापास. माझ्यावर चिडायला लोकांना कारण लागत नाही. ताईंना लागायचं, आणि ते खरं असायचं. म्हणायच्या, "राग गिळायचा नाही. पोटात सडतो."

नाशिकला त्या चित्रकलेच्या बाई होत्या. म्हणून इथल्या मराठी मंडळानं गणपतीचा देखावा त्यांना सांगितला. त्यांनी चितोडचा विजयस्तंभ धरला. राणा कुंभानं माळव्याच्या सुलतानाला हरवून बांधलेला, नऊ मजली, अंगभर देव कोरलेले. सगळा उन्हाळा गॅरेजात पुठ्ठा आणि शाडू. मी मदतनीस, म्हणजे विष्णूचे हात मोडणारा. "चार आहेत म्हणून मोडायचे नसतात हो!"

गणपती बसायच्या आदल्या दिवशी अध्यक्ष हॉलवर आले. तिसऱ्या मजल्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"अल्ला. अरबीत. खऱ्या स्तंभावर आहे, म्हणून इथं आहे."

मी ती वेलबुट्टी समजून मन लावून रंगवली होती.

"खोडा ते. लोक फोटो काढतील, उगाच वाद." आणि ब्रश माझ्या हातात दिला. असल्या कामाला सगळ्यांना मीच दिसतो.

ताईंचा आवाज चढला. "सुलतानाला ज्यानं हरवलं, त्यानं हे कोरू दिलं. जिंकलेला माणूस घाबरला नाही. तुम्ही कुठली लढाई हरलात हो?"

मी ब्रश खाली ठेवला. शौर्य कसलं? अध्यक्षांपेक्षा ताई जवळ उभ्या होत्या.

मग उत्सवभर त्या स्तंभाला खेटून खुर्ची टाकून बसल्या. आरतीच्या टाळ्यासुद्धा तिथूनच. कुणाची हात लावायची छाती झाली नाही. पुढच्या वर्षी मंडळानं त्यांना बोलावलंच नाही.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. अध्यक्षांनी ग्रुपवर फोटो टाकला, ताई आणि मागं स्तंभ. खाली लिहिलं, 'आमच्या मंडळाचा आधार हरपला'. फोटो कापलेला. तिसऱ्या मजल्यावरची अक्षरं जावीत म्हणून बाजूनं असा कापला, की ताईंचा अर्धा खांदाही गेला. माझं डोकंच फिरलं. जिवंतपणी बोलावलं नाहीत, आणि मेलेल्या बाईचा खांदा कापता? माझ्या मोबाईलमध्ये अख्खा फोटो होता. टाकला.

लगेच अध्यक्षांचा फोन. "अरे, काय टाकलंस! कळतं का तुला काही?"

"नाही ना, साहेब," म्हटलं, "अडाणी माणूस मी. कुठं कापायचं, ते शिकलेल्यांनाच कळतं."