पंप थांबला की ती काचेपाशी यायची

मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक फोटो आहे. माझा मुलगा त्यात सात-आठ वर्षांचा आहे. जाड काचेवर त्याने दोन्ही तळवे टेकवलेत आणि पलीकडून एका डॉल्फिन मादीने आपलं तोंड नेमकं त्या तळव्यांसमोर आणलं आहे. मी बाजूला निळ्या बॉयलर सूटमध्ये उभा आहे, छाती जरा जास्तच पुढे काढून. घरी येणारा प्रत्येक पाहुणा या फोटोपाशी थांबतो आणि मग त्याला गोष्ट सांगितली जाते. डॉल्फिन पप्पांना ओळखायची, पप्पा ड्युटीवर आले की असेल तिथून काचेपाशी यायची. ही गोष्ट पहिल्यांदा मीच सांगितली. मग मुलगा सांगू लागला, मग सून, आता नात. इतक्यांदा ऐकली की मधूनमधून मलाही ती खरी वाटते.

ती खरी नाही. निदान मी सांगितली तशी नाही.

हे आत्ता लिहायचं कारण माझी नात. ती इथल्या भारतीय शाळेत नववीत आहे. एका शुक्रवारी चर्चमधल्या मिसाहून आल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, मला तुमची डॉल्फिन पाहिजे."

"माझी कुठली? हॉटेलची होती ती."

"डिबेटसाठी पाहिजे. टॉपिक आहे, किलर व्हेलना मरीन पार्कमध्ये ठेवावं की नाही. मी फॉरमध्ये आहे."

"फॉर म्हणजे ठेवावं? तुला तसं वाटतं?"

"वाटायचं काय त्यात? टीचरने चिठ्ठ्या काढल्या. माझ्या बेस्ट फ्रेंडला अगेन्स्ट आलं. तिला सगळं रेडिमेड मिळालंय, नुसते सॅड व्हिडिओ दाखवले तरी जिंकेल. माझ्याकडे फक्त तुम्ही आहात."

"पण किलर व्हेल म्हणजे देवमासा ना? आमची तर डॉल्फिन."

"आजोबा!" तिने कपाळावर हात मारला. "किलर व्हेल डॉल्फिनच असतो. डॉल्फिनमध्ये सगळ्यात बिग."

मला हे ठाऊक नव्हतं. मग आम्ही दोघांनी तिच्या टॅबवर किलर व्हेल पाहिले. काळे-पांढरे, बसएवढे. एका पार्कमधल्या नराच्या पाठीवरचं पर एका बाजूला पूर्ण कलंडलेलं होतं. नात म्हणाली, टाकीतल्या बऱ्याच नरांचं असं होतं, का ते नक्की कोणी सांगत नाही. तो गोल गोल फिरत होता. ती त्याच्याकडे बघत होती आणि मी, खरं सांगायचं तर, भिंतीकडे. पाणी आत कुठून येतंय, बाहेर कुठून जातंय, आणि एवढी टाकी स्वच्छ ठेवायला केवढाले पंप लागत असतील. आयुष्यभर पंपांची कामं केली की माणूस समुद्राकडेही तसाच बघू लागतो.

"तुमची स्टोरी मी शेवटी ठेवणारेय," ती म्हणाली. "म्हणजे ॲनिमल आणि माणूस फ्रेंड होऊ शकतात याचं प्रूफ. फोटो पण स्क्रीनवर दाखवणार. अख्ख्या शाळेसमोर."

मी बरं म्हणालो. तिच्या गालावर खळी पडली, ती उठून गेली, आणि मी फोटोकडे बघत बसलो.

सोहारच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर मला त्या हॉटेलात काम मिळालं होतं. ओमानच्याच बातिना किनाऱ्यावरचं हॉटेल, आता ते बंद पडलं आहे. त्यांच्याकडे खाऱ्या पाण्याची एक टाकी होती आणि तिच्यात ही एकच डॉल्फिन. कुठून आणली होती ते आम्हा खालच्या माणसांना कोणी सांगितलं नाही. माझं काम टाकीच्या मागच्या पंपरूममध्ये. दोन पंप, वाळूचे फिल्टर आणि पाणी गार ठेवणारा चिलर. रोज सकाळी फिल्टर उलट्या पाण्याने धुवायचा असे, आणि झडपा फिरवण्याआधी पंप बंद करावे लागत. ते बंद केले की मी पाण्याची पातळी बघायला बाहेर काचेपाशी जायचो. आणि ती तिथे असायची. काचेला तोंड लावून, अगदी स्थिर. एरवी ती सतत टाकीभर फिरत असे, एकाच दिशेने.

पहिल्या दिवशी मी दचकलो. दुसऱ्या दिवशी हसलो. त्या आठवड्यात घरी फोन केला तेव्हा बायकोला सांगितलं, "इथे एक मैत्रीण मिळालीय, काळजी करू नको, माशाच्या जातीची आहे." गोष्ट तिथे सुरू झाली.

पंपाची बेअरिंग खराब व्हायला लागली की आम्ही एक साधी गोष्ट करतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला दाबायची. आत काय चाललंय ते सगळं ऐकू येतं. एरवी नुसती घरघर असते, पण त्या स्क्रूड्रायव्हरमधून एकेक गोळी फिरताना कळते. एकदा असंच पंप तपासत मी पाइपावर आलो, पाइपावरून सरकत भिंतीवर. पाइप टाकीच्या काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेले होते, मध्ये आवाज अडवणारा रबरी जोड कुठेच नव्हता. भिंतीतही तोच आवाज होता. कुतूहल वाटलं म्हणून बाहेर गेलो आणि स्क्रूड्रायव्हर काचेला लावला.

काचेतही पंप होता. दोन्ही पंप, चिलर, कुठल्याशा झडपेचा थरथराट, सगळं एकमेकांत मिसळलेलं. बाहेर गार, शांत गॅलरी. मंद निळा उजेड. पाहुणे तिथे आले की आपोआप हळू बोलत, देवळात शिरल्यासारखे. आणि काचेच्या पलीकडे माझी पंपरूम चोवीस तास चालू होती.

मग मी आत गेलो, दोन्ही पंप बंद केले आणि पळत बाहेर आलो. ती काचेपाशी होती. दुसऱ्या दिवशी पंप चालू ठेवूनच काचेपाशी गेलो, हात हलवला, काच वाजवली. ती समोरून गेली, वळली, परत गेली. थांबली नाही. हे मी अनेकदा करून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच.

इथपर्यंत मला कशाची लाज वाटत नाही. माणूस शिकतो. लाज आहे ती पुढची.

मॅनेजर आमच्याकडचाच, हिंदी बोलणारा. मी त्याला सांगायला गेलो ते खरंच रबरी जोडांचं सांगायला. पाइप कापावे लागतील, पंपाखाली रबराचे पाये टाकावे लागतील, काही दिवस गॅलरी बंद ठेवावी लागेल. त्याचं तोंड आंबट झालं. समोरचा माणूस नाराज होतोय असं दिसलं की मला काहीतरी गोड बोलावंसं वाटतं, ही माझी जुनी खोड. मी म्हणालो, "पण सर, एक मजा आहे. पंप बंद केला की ती बरोबर काचेपाशी येते."

तो खुर्चीतून उठलाच. "अरे, कमाल है! शो के टाइम बंद करो ना फिर!"

त्या दिवसापासून शोच्या वेळी मी पंप बंद करू लागलो. पाहुणे काचेसमोर उभे राहायचे, ट्रेनर हात उंचावायची, आणि मी मागे बटण दाबायचो. ती यायची. मुलं किंचाळायची, बाया काचेची पापी घ्यायच्या, ट्रेनर म्हणायची, बघा, तुम्हाला भेटायला आली. शो संपला की मी पंप चालू करायचो. रबरी जोडांचा विषय पुन्हा ना त्याने काढला ना मी. पगार वाढला नाही, पण मॅनेजर पाठीवर थाप मारायचा, आणि ती थाप मला पुरली.

सुट्टीत बायको-मुलगा आले तेव्हा फोटो काढला. बटण त्या दिवशी पंपरूममधल्या माझ्या जोडीदाराने दाबलं, म्हणून मी फोटोत आहे.

पुढच्या वर्षी एक मोठा ट्रक आला आणि ती गेली. कुठे, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित कोणी सांगितलंही असतं.

डिबेटच्या आदल्या संध्याकाळी नात मला भाषण म्हणून दाखवत होती. 'माय ग्रँडफादर्स फ्रेंड' इथे आली तेव्हा मी तिला थांबवलं. म्हटलं, "पोहायचे कपडे घाल, गच्चीवर चल."

"आत्ता? आजोबा, उद्या डिबेट आहे!"

"त्याचंच काम आहे."

इमारतीच्या गच्चीवर छोटा स्विमिंग पूल आहे. वॉचमन पूलच्या मोटारीच्या खोलीपाशी बसला होता. मी त्याला मोटार चालूच ठेवायला सांगितलं आणि नातीला म्हटलं, डोकं पाण्यात घाल आणि ऐक. ती आत गेली, वर आली. "घूं घूं असं होतंय. सगळीकडून. कुठून येतंय तेच कळत नाही." "परत जा, थोडा जास्त वेळ." ती परत गेली आणि मी वॉचमनला खूण केली. त्याने मोटार बंद केली. "खलास, चाचा."

पाण्याखाली ती क्षणभर तशीच राहिली. मग वळली आणि सरळ मी बसलो होतो त्या काठाशी आली. डोकं वर काढून, डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली.

"काय झालं? बंद का झालं?"

मी तिला म्हटलं, "तू आत्ता माझ्याकडे आलीस ना? तशीच ती यायची."

मग सगळं सांगितलं. स्क्रूड्रायव्हर, मॅनेजर, बटण. ती काठावर पाय सोडून बसली होती, टॉवेल खांद्यावर. मध्ये एकदाच बोलली, "म्हणजे डॅडींच्या फोटोत पण?" मी मान हलवली. तिने पाय पाण्यातून वर काढले. मला वाटलं, ही आता उठून जाईल आणि आजोबा म्हणून माझं जे काही होतं ते संपलं.

"पण तिला बरं वाटायचं म्हणून यायची, की काय झालं बघायला यायची? मी तर बघायला आले."

"ते मला कळलं नाही. अजूनही माहीत नाही."

"हे तर अजून इंटरेस्टिंग आहे," ती म्हणाली, आणि लगेच तिचं तोंड पडलं. "पण हा अगेन्स्टचा पॉइंट आहे, आजोबा. माझी टीम मला मारेल."

"मग सोडून दे. नुसता फोटो दाखव." हे म्हणताना माझा आवाज मला ओळखू आला. मॅनेजरशी बोलताना हाच होता.

तिने माझ्याकडे पाहिलं. "मी हे माझ्या फ्रेंडला देते. तिच्याकडे नुसते व्हिडिओ आहेत. ती म्हणेल, समवन्स ग्रँडफादर. तुमचं नाही सांगणार. चालेल?"

मी चालेल म्हटलं. ती मोकळी झाली आणि मग आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत त्याच गोष्टीला तिने उद्या काय उत्तर द्यायचं यावर डोकं चालवत बसलो.

शाळेचा हॉल भरला होता. मुलगा आणि मी मागे बसलो. मुलाला मी सकाळी गाडीत सांगितलं होतं. तो सिग्नलला थांबला, हिरवा झाला तरी थांबून राहिला, मागच्याने हॉर्न दिला. "पप्पा, लहानपणी मी त्या डॉल्फिनला पत्रं लिहिलीत," एवढंच म्हणाला.

नातीच्या मैत्रिणीने गोष्ट छान सांगितली, पूलमधल्या घूं घूंसकट. कोणाचे तरी आजोबा, म्हणाली. मग नात उभी राहिली. इंग्रजीत म्हणाली, ही गोष्ट खरी आहे, ते माझे आजोबा आहेत, ते तिथे बसलेत. माना वळल्या. मुलाने खाली बघितलं. काय करावं ते न कळून मी हात वर केला, हजेरी देतात तसा.

पुढे ती म्हणाली, जे टाकीतच जन्मले त्यांना उद्या समुद्रात सोडलं तर ते जगतील का, आपल्याला माहीत नाही. पण टाकीत त्यांना काय ऐकू येतं हे तरी आधी कोणीतरी ऐकायला हवं, आणि ऐकणाऱ्याने ते सांगायला हवं.

तिची टीम हरली. गाडीत ती मागे फुगून बसली होती. मस्कतच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. एकाएकी पुढे वाकून म्हणाली, "आजोबा, तो ट्रक कुठे गेला ते आत्ता विचारता येईल का? कोणाला तरी?"

मुलाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. पंपरूममधला तो जुना जोडीदार निझवा शहरात दुकान चालवतो असं कोणीतरी म्हणालं होतं. मी खिशातून फोन काढला.