खंडोजी आणि तडकलेल्या पिना

वेदिका मूळची देवासची, तिथल्या कारखान्यातल्या एका फिटरची मुलगी. इंजिनिअर होऊन ती पीथमपूरच्या एका कोटिंग युनिटमध्ये तपासणीच्या कामाला लागली. तिथे इंजिनाच्या पोलादी पिनांवर कार्बनचा काळा थर चढवत. केसाहून कितीतरी पातळ, पण इतका कडक आणि गुळगुळीत की पिन सहसा झिजत नसे.

एकदा पिनांचा अख्खा माल परत आला. थर तडकून त्याच्या खपल्या निघाल्या होत्या. प्लांट मॅनेजर हर्षितने थर चढवण्याआधी पिना धुणाऱ्या खंडोजींना सगळ्यांसमोर उभं केलं. तुमच्या तेलकट हातांनी माल बिघडला, असं म्हणून त्यांना घरी पाठवलं. पन्नाशी उलटलेले खंडोजी आपला डबा उचलून गेले.

वेदिकाने त्या पिना मायक्रोस्कोपखाली घेतल्या. तेलामुळे थर सुटला असता, तर जागोजागी कोरे डाग दिसले असते. इथे दाब पडलेल्या प्रत्येक जागी गोल गोल भेगा होत्या. म्हणजे खालचं पोलादच मऊ राहिलं होतं. आणि पिना कडक करायच्या भट्टीतून त्या लवकर काढायला हर्षितनेच लावलं होतं, माल पाठवायच्या घाईत.

हर्षित मालकांबरोबर मीटिंगमध्ये होता. ती तडक आत शिरली.

"मऊ भातावर पापड ठेवून बोटाने दाबा, मोडेल. त्यात ताट धुणाऱ्याची काय चूक?"

ठंडे दिमाग से सोचिए मॅडम, असं हर्षित समजावू लागला. तिने पिन टेबलावर आपटली आणि मालकांसमोरच पोलादाचा कठीणपणा मोजायला लावला. पोलाद मऊच निघालं.

खंडोजींना फोन करून बोलावून घ्या, मालक म्हणाले. पण वेदिका स्वतःच धारला त्यांच्या घरी गेली. खंडोजींच्या पत्नी उमाबाईंनी पाणी दिलं, बसा म्हटलं नाही.

"सगळ्यांसमोर काढलं ना? मग सगळ्यांसमोरच सांगा म्हणावं," खंडोजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हर्षित कामगारांपुढे उभा राहून काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही, साहेब," खंडोजी म्हणाले.

हर्षितचा चेहरा लाल झाला. "चूक माझी होती. खंडोजींची नव्हती," तो मोठ्याने म्हणाला.

खंडोजींनी नुसती मान हलवली, बाह्या वर सारल्या आणि ते पिना धुवायच्या टाकीकडे वळले. त्या दिवसापासून भट्टी उघडायच्या वेळी वेदिका स्वतः तिथे हजर असते, आणि हर्षित नमस्कार करतो तेव्हा ती मान वर करत नाही.