न दिसणाऱ्या अक्षराचा ताप

कळमनुरीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासचे किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. गरजच पडली नाही. जुनी मंडळी भेटली, चहा आला, की एकाच्या शेपटीला धरून दुसरा बाहेर येतो! दोन हजार पाच-सहाचा काळ. मी तिथं वेबसाईट बनवायला शिकवायचो. स्वभाव उतावळा. प्रोग्राम अडला की मला एका जागी बसवत नसे. आणि तो अडायचा बहुतेक एकाच कारणाने. पोरं इंटरनेटवरून कोड कॉपी करायची, एडिटरमध्ये पेस्ट करायची, आणि सोबत एखादं न दिसणारं अक्षर यायचं. स्क्रीनवर सगळं ठाकठीक, आणि प्रोग्राम बंद!

* * *

आमचा विद्यार्थी मारोती असाच अडकला. एरर सातव्या ओळीत, आणि सातवी ओळ अगदी बरोबर. त्याने कीबोर्ड उलटा करून आपटला. "धूळ गेली असंल!"

मी ती ओळ खोडली आणि जशीच्या तशी पुन्हा हाताने टाइप केली. चालला प्रोग्राम!

"सर, काय बदललं?"

"काही नाही."

"मग आता चाललं काहून?"

मी त्याला चहा सांगायला पाठवलं.

* * *

एका खतवाल्या शेठची वेबसाईट केली. दुकानाच्या नावावर तीन विचित्र अक्षरं उमटली, त्यातलं एक तर उलटं प्रश्नचिन्ह! कोडमध्ये शोधतोय तर काहीच नाही. शेठ यायची वेळ झालेली, माझा जीव वरखाली. शेठ आले, खुर्ची ओढून बसले, डोळे बारीक करून पाहिलं.

"राहू द्या सर! फॉरेनचं दिसून राहिलंय. वजन पडतंय दुकानाचं!"

* * *

लोडशेडिंगचं तर विचारूच नका. सकाळभर शोधून एकदा नेमकी जागा सापडली, डिलीट दाबणार तोच लाईट गेली! फाईल सेव्ह केलेली नव्हती. मी दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारू लागलो.

मारोती म्हणाला, "सर, बसा जरा. लाईट यायच्या आत फरशी झिजंल!"

* * *

या न दिसणाऱ्या अक्षरावर उपाय काढला शोभाने. ती माझ्यासोबत शिकवायची. बाणाचं बटण एकेकदा दाबत ती ओळीतून पुढं जायची. जिथं बटण दाबूनही कर्सर हलला नाही, तिथं ते अक्षर लपलेलं! ओठ हलवत तिचं हे चालायचं.

"मॅडम, जप करून राहिल्या का?" मारोतीने विचारलं.

"चोर धरून राहिले," ती मान वर न करता म्हणाली.

* * *

या शोभाला नांदेडचं स्थळ आलं. मुलगा सॉफ्टवेअरवाला. तिला काम करताना बघायचं म्हणून मंडळी थेट क्लासातच आली. शोभाच्या वडिलांना स्थळ इतकं पसंत की पेढे आधीच आणलेले! शोभाचं मन होत नव्हतं, पण नाही म्हणायला कारण काय सांगणार? तिची घालमेल मला बघवेना. मी आपला आत-बाहेर करत होतो.

जयभीम झाला, चहा झाला. मुलाने खिशातून पेनड्राईव्ह काढला. "माझा नवा प्रोग्राम दाखवतो. प्रत्येक ओळ मी स्वतः टाइप केलेली आहे."

सुरू केला, तर एरर!

"इथल्या मशीनमध्ये प्रॉब्लेम आहे," तो घाम पुसत म्हणाला.

शोभाने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. टक, टक, टक... थांबली. काहीतरी खोडलं. काय खोडलं ते कुणालाच दिसलं नाही, पण प्रोग्राम चालला! वडिलांनी खुशीत पेढ्यांचा बॉक्स उघडला.

"थांबा बाबा," शोभा म्हणाली आणि मुलाकडे वळली. "हातानं टाइप केलेल्यात असलं अक्षर येत न्हाई. ते दुसरीकडून पेस्ट केल्यावर येतंय. तुमी स्वतः लिहिलंय ना? मग यातल्या चारच ओळी माझ्यासमोर टाइप करा."

आणि तिने कीबोर्ड त्याच्यापुढं सरकवला.

मुलाने घड्याळ पाहिलं. "निघायला पाहिजे. नांदेडची शेवटची एसटी चुकेल आमची."

दुपारचे बारा वाजले होते, आणि दारात त्यांचीच जीप उभी होती!