पंजाला लावलेलं कुंकू

ताम्हन निम्मं घासून झालं होतं. चिंच लावलेली बाजू उजळली होती, दुसरी अजून काळपट होती, आणि अंगणात स्प्रिंग सुटली. आवाज असा की फळीवरची पातेली हलली. चिंचेचे हात तसेच घेऊन मी बाहेर धावले. त्यानंतर काय झालं ते कॉलनीत जो तो आपापल्या परीने सांगतोय, म्हणून आज वहीत जरा सविस्तर लिहिते.

झुंबरभाऊजी माझे धाकटे दीर. वय एकेचाळीस. आडगावला आमच्या बैठ्या घराच्या अंगणात ते जीपगाड्या उंच करून देतात. डोंगरात, दगडाधोंड्यांवरून गाडी घालायची हौस असलेले लोक येतात. त्यांच्या गाडीच्या पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा काढायच्या, जास्त उंचीच्या बसवायच्या, म्हणजे गाडीचं पोट दगडाला लागत नाही. गॅरेज नाही, पाटी नाही. एक पत्र्याची शेड, दोन जॅक आणि भाऊजींचे हात.

त्या हातांचंच सगळं आहे. सासरे त्यांना ट्रॅक्टरच्या जुन्या पट्ट्याने मारायचे, पाठीवर वळ उठेपर्यंत. मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी सोळा वर्षांचे होते. एकदा त्यांनी तोच पट्टा सासऱ्यांच्या हातातून ओढून घेतला आणि त्यांनाच मारलं. तिथून ते कधी थांबलेच नाहीत. ओझरच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटावर फिटर होते. सुपरवायझर आईवरून बोलला म्हणून त्याच्या तोंडावर हेल्मेट हाणलं, नोकरी गेली. द्वारकेच्या चौकात एका रिक्षावाल्याला कॉलर धरून सीटवरून ओढून काढलं. आम्ही म्हणायचो, रागीट आहे पण मनाचा चांगला. घरात मार खाणारं आपण सोडून दुसरं कुणी असलं की असं म्हणता येतं.

मागच्या दसऱ्याला त्यांनी चैतालीला मारलं. चैताली म्हणजे त्यांची बायको, नामपूरची. कारण काय, तर तिने आपट्याची पानं आधी शेजाऱ्यांना दिली, मग त्यांना. कानाखाली एक बसली तशी ती ओट्यावर आपटून खाली पडली. कानातून रक्त आलं. मी देवघरात होते, मला सगळं ऐकू येत होतं. मी पाठ पुरा करून उठले. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चैताली आठ वर्षांच्या आरोहीला घेऊन माहेरी गेली. जाताना मला म्हणाली, "वहिनी, पुढच्या दसऱ्यापर्यंत यांचा हात कुणावर उठला नाही तर मी येईन. कुणावरसुद्धा, फक्त माझ्यावर नाही. आणि हे मला त्यांनी सांगायचं नाही, तुम्ही सांगायचं."

भाऊजींनी हे वर्ष दातओठ खाऊन काढलं. खरंच काढलं. राग आला की शेडमागे ट्रकच्या स्प्रिंगचा एक जुना पाटा पडलाय, त्याच्यावर घण घालायचे. उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक त्यांना तोंडावर म्हणालं, बायकोने टाकलेला माणूस माझी गाडी काय सांभाळणार. भाऊजींनी हातातला पाना खाली ठेवला, पाण्याच्या टाकीत कोपरापर्यंत दोन्ही हात बुडवले आणि तो माणूस जाईपर्यंत तसेच उभे राहिले. त्या दिवशी मी वहीत फक्त एवढंच लिहिलं: हात उठला नाही.

काल खंडेनवमी. सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडली. पाने, हातोडे, जॅक, आणि स्प्रिंग दाबायचे दोन लांब बोल्ट. त्या बोल्टांना वर-खाली लोखंडी पंजे असतात. दोन्ही बाजूंनी ते पंजे स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे आणि बोल्ट आवळत न्यायचा, म्हणजे स्प्रिंग दबते. मोकळी असताना ती साधी दिसते. दाबल्यावर तिच्यात सहा-सात माणसांचं वजन कोंडलेलं असतं, असं भाऊजीच सांगतात. म्हणून दर वेळी काम सुरू करायच्या आधी ते पंजे रॉकेलच्या फडक्याने कोरडे खडखडीत पुसतात. तेलकट पंजा धरत नाही, घसरतो.

कोरडं कुंकू लोखंडावर राहत नाही. म्हणून मी ते तेलात कालवलं आणि प्रत्येक हत्याराला बोट लावलं. पंजांना लावलं ते आतल्या बाजूने, माणसाच्या तळहाताला लावावं तसं.

आज सकाळी राकेश आला. द्वारकेला त्याचं टायरचं दुकान आहे, भाऊजींचा शाळेपासूनचा दोस्त, आणि शेडमधली गाडी त्याचीच. त्याला ती संध्याकाळी सीमोल्लंघनाला डोंगरात न्यायची होती. एक बाजू परवाच झाली होती. दुसरी राहिली होती. भाऊजींनी पाटावरचे बोल्ट उचलले, फडकं घेतलं, तर मी दारातून म्हणाले, "भाऊजी, आज कुंकू पुसू नका. उद्या चैताली यायची आहे."

त्यांनी फडक्याकडे पाहिलं. मग ते खांद्यावर टाकलं. "बरं वहिनी. आज नाही पुसत," म्हणाले.

एरवी हा माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आज ऐकलं, कारण बायको उद्या घरी येणार होती आणि वर्षाचा शेवटचा दिवस होता.

मी ताम्हन घेऊन मोरीवर बसले. त्यांचं बोलणं कानावर येत होतं.

"साहेबांनी आज दाढी केलेली दिसते," राकेश म्हणाला.

"तू पाना फिरव."

"वर्षभरात माणसाची गाय झाली. आता दूध कधी द्यायला लागतो?"

"राक्या, अर्धा फेरा तू, अर्धा फेरा मी. मधे बोलू नको. एक बाजू जास्त आवळली की ती वाकते, आणि वाकली की सुटते."

"एवढं बायकोला जपलं असतंस तर वर्षभर एकटा राहिला नसतास."

भाऊजी हसले. मी स्वतः ऐकलं, ते हसले. नवी स्प्रिंग जुनीपेक्षा दोन इंच उंच, तिला जास्त दाबावं लागतं. पान्याची करकर आळीपाळीने येत होती, इकडून एक, तिकडून एक. मग ती थांबली आणि तो आवाज झाला.

मी बाहेर आले तेव्हा स्प्रिंग शेडचा पत्रा फाडून पलीकडे माझ्या तुळशीच्या कट्ट्यावर आदळली होती. कट्ट्याचा कोपरा उडाला होता. एक बोल्ट भाऊजींच्या उजव्या हातावरून गेला होता, दोन बोटं हाडापर्यंत उघडी पडली होती. डोकं चार बोटांनी वाचलं. राकेशला काहीच लागलं नव्हतं. तो पांढराफटक पडून भिंतीला टेकला होता, आणि भीतीने असेल, त्याला हसू यायला लागलं.

"आयला झुंबऱ्या," तो म्हणाला, "तुझ्यापेक्षा हिला राग जास्त."

"अर्धा फेरा सांगितला होता."

"अर्धाच मारला मी. तुझंच लक्ष नामपूरला होतं."

डाव्या हातात पाना होता, तोच भाऊजींनी त्याच्या तोंडावर घातला. लाकूड फुटावं तसा आवाज आला. राकेश गुडघ्यावर आला, मग आडवा झाला. त्याने हात वर केला, नको म्हणून. भाऊजींनी त्या हातावर मारलं, मग खांद्यावर मारलं. दगड फोडणारा माणूस जसा दगडाच्या रेषेकडे बघून घण टाकतो तसे ते शांतपणे मारत होते. कापलेल्या हाताचं रक्त त्यांच्याच पँटवर गळत होतं, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

मी मधे गेले. "भाऊजी, पंजाला तेल मी लावलं होतं," म्हणाले. "कुंकू तेलातलं होतं. राकेशची चूक नाही."

पाना वरच होता. आता तो माझ्यासमोर होता. त्यांच्या डोळ्यांत मी कोण आहे याची ओळख दिसत नव्हती. मागच्या वर्षी चैतालीने हेच डोळे बघितले असणार, असं तेव्हा मनात आलं. मी बाजूला झाले नाही. हे शौर्य नव्हतं, माझे पायच हलत नव्हते.

मग त्यांनी पाना खाली ठेवला. वाकून पंजा उचलला, आत अंगठा घासला, अंगठ्याचा वास घेतला. आणि तिथेच मातीत बसले.

राकेशला रिक्षात घालून आम्ही दवाखान्यात नेलं. तोंडाला टॉवेल दाबून तो मला म्हणाला, "स्प्रिंग लागली म्हणून सांगा वहिनी. उद्या ती येणार आहे ना." जबडा दोन ठिकाणी मोडलाय, तीन दात गेले, आणि तरी हा माणूस असं म्हणाला. डॉक्टरांनी ऐकून तसंच लिहून घेतलं. भाऊजींच्या बोटांना अकरा टाके पडले.

आमचे हे सकाळी कालिकेच्या दर्शनाला गेले होते, ते दुपारी आले. सगळं ऐकून घेतलं आणि भावाला म्हणाले, "स्प्रिंगच लागली. विषय संपला. राकेशची तक्रार नाही, डॉक्टरांचा कागद आहे. एका दिवसासाठी संसार मोडतोस का?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तुझ्या तेलाने झालंय सगळं, तेव्हा तू तरी गप राहा."

मी आत गेले. पुरण शिजवलं, नैवेद्य दाखवला. देवीपुढे हात जोडले तर काय मागावं ते सुचेना.

पाच वाजता चैतालीचा फोन आला. भाऊजी बाहेरच्या खोलीत खाटेवर बसले होते, हे दारात उभे होते. मी फोन स्पीकरवर टाकला, सगळ्यांना ऐकू यावं असं तिचंच म्हणणं होतं.

"वहिनी, वर्ष झालं. बॅग भरून ठेवलीय, आरोही सकाळपासून चपला घालून बसलीय. तुम्ही म्हणाल तसं."

हे मला मानेने खुणावत होते. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, आज काम करताना त्यांच्या हाताला जरा..."

"मी राकेशला मारलं, चैताली," भाऊजी खाटेवरून बोलले. "पान्याने. जबडा मोडला त्याचा."

तिने तिकडचा पंखा बंद केला.

"चूक त्याची होती?"

"नव्हती."

"पडल्यावर मारलं?"

भाऊजींनी खाली बघितलं. "दोनदा."

"मलाही पडल्यावरच लाथ घातली होती," चैताली म्हणाली. हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. यांनाही नव्हतं, ते दारातून बाजूला झाले.

"तू सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. त्यांना अरे-तुरे करताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. "मी येत नाही. वर्षभर पोरीचं नाव तिकडच्या शाळेत ठेवलं होतं. आता तिचा दाखला काढून पाठवून दे. इथले मास्तर रोज मागतात."

"पाठवतो," भाऊजी म्हणाले.

मग तिने मला विचारलं, "वहिनी, तुम्ही काय सांगणार होता?"

उत्तराची वाट न बघता तिने फोन ठेवला.

दिवे लावून झाले. भाऊजी अजून बसले आहेत, बांधलेला हात मांडीवर घेऊन. मी विचारलं, चहा करू का. नको म्हणाले. शाळा किती वाजता उघडते ते विचारलं. मी सांगितलं, दहाला. उद्या दहा वाजता त्यांना शाळेत जाऊन आरोहीचा दाखला काढायचा आहे.